सीझर, कैसर आणि गायकवाड

आडनावाच्या नशिबात काय असेल ते सांगता येत नाही. रोमच्या सीझर घराण्याला हे नाव कशावरून पडलं, यावर खुद्द रोमन लोकांतच एकमत नव्हतं. कोणी म्हणे, एका पूर्वजाला आईचं पोट कापून बाहेर काढलं होतं. कोणी म्हणे, त्याच्या डोक्यावर दाट केस होते. त्यांच्यातल्या प्रसिद्ध ज्युलियसला टक्कल पडलेलं, त्यामुळे दुसरी कथा त्याच्यासमोर कोणी काढत नसावं. इ.स.पू. 44 मध्ये त्याचा खून झाला आणि आडनाव मात्र गादीवर जाऊन बसलं. जर्मनांनी त्याचा कैझर केला, रशियनांनी झार, फारसीनं कैसर. अटकेजवळच्या आरा इथल्या खरोष्ठी लेखात तर अभ्यासकांनी एका कनिष्काच्या नावापुढे महाराज, राजातिराज, देवपुत्र आणि वर कैसर असं वाचलंय. जेवढे शेजारी, तेवढ्या पदव्या!

आम्हां बडोदेकरांना याचं नवल नाही. गाईंसाठी किल्ल्याचं कवाड उघडणाऱ्या पूर्वजाची गोष्ट इथे घरोघरी ठाऊक. त्या गायकवाड आडनावाचं इंग्रजांनी पदच करून टाकलं. महाराजांचं नाव गाळून खुशाल ‘द गायकवार ऑफ बरोडा’ लिहायचे, जणू कलेक्टरसारखी नेमणूकच!

ही दोन आडनावं 1 जानेवारी 1877 रोजी दिल्ली दरबारात समोरासमोर आली. व्हिक्टोरिया राणीसाठी देशी किताब हवा होता. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्राचार्य लाइटनर यांनी ‘कैसर-इ-हिंद’ सुचवला होता. शब्द पुरुषाचा, धनीण बाई, आणि ती बाई समारंभाला हजरही नाही. सगळं व्हाइसरॉय लिटननं उरकलं. समोर बडोद्याचे 13 वर्षांचे सयाजीराव गायकवाड, 1875 च्या मे महिन्यात दत्तक येईपर्यंत कवळाण्याचे गोपाळराव. त्यांच्या वाट्याला आलं ‘फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया’. पोरानं सही कुठे करायची आणि किताब कुठे मावायचा! पुढे आपल्या रुपयावर त्यांनी देवनागरीत नाव घातलं आणि जोडीला सातारच्या छत्रपतींकडून आलेलं ‘सेनाखासखेल समशेर बहादूर’. कैसराला तिथे जागा दिली नाही. 1911 च्या दरबारात तर पंचम जॉर्जपुढे एकदाच वाकून ते सरळ पाठ फिरवून निघाले, आणि इंग्रजी वर्तमानपत्रं खवळली.

1917 मध्ये झार गेला, 1918 मध्ये कैझर. 22 जून 1948 रोजी सहाव्या जॉर्जनं हिंदुस्थानचं सम्राटपद सोडलं. 1 मे 1949 रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झालं.

सीझर आता आपल्याकडे प्रसूतिगृहात उरलाय. ‘सुनेचं सिझर झालं’ म्हणताना कोणाला रोम आठवत नाही, आणि आठवण्याचं कारणही नाही. ज्युलियसची आई ऑरेलिया तो मोठा होईपर्यंत धडधाकट होती, तेव्हा त्याचा जन्म तसा झालेला नसणारच. गायकवाड मात्र राज्य गेल्यावर निमूटपणे आडनावात परतले आणि हजेरीपटापासून मतदारयादीपर्यंत नांदताहेत. या सामन्यात मला तरी गायकवाडांचीच सरशी दिसते.