तिरोडी, आणि पुढे कटंगी

माघ सरायला आला की नागपुरात पंखा आधी कोणत्या खोलीत लावायचा यावरून घरोघरी मतभेद सुरू होतात. हा झाला जाहीर भाग. खासगीत बरेच काही चाललेले असते. ज्या गृहस्थाने वर्षभर दारातला पेपरसुद्धा दुसऱ्याकडून मागवला, तो पहाटे बुटांच्या नाड्या बांधून फुटाळा तलावावर फिरायला जायला लागतो. आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी गेल्या फाल्गुनात चहातली साखर सोडली आणि पाडव्याला श्रीखंडाशी आपसात तडजोड केली. ओळखीच्या एक बाई दर वर्षी या दिवसांत भिंतीवरचे कॅलेंडर समोरच्या भिंतीवर नेतात. त्यांच्या यजमानांना पुढे महिनाभर तारीख सापडत नाही. वसंताचे वर्णन करणाऱ्या कवींनी कोकिळा टिपली, मोहोर टिपला. कॅलेंडरची बदली कोणी टिपलेली दिसत नाही.

आमच्या साळेबुवांना हा ऋतू जरा जास्तच बाधतो. निवृत्त झाल्यापासून तर त्याला उतारच नाही. एका शिमग्याला त्यांनी सही बदलली. बँकेने ती ओळखायला नकार दिला, तेव्हा दोन महिने पेन्शन खात्यात आणि साळेबुवा खात्याबाहेर असा प्रकार चालला होता. पुढच्या वर्षी त्यांनी पेटी आणली. त्याच्या पुढच्या वर्षी पेटी विकली, आणि हा बदल मात्र सगळ्या गल्लीने मनापासून साजरा केला. यंदा महाशिवरात्र तोंडावर आली असताना ते सकाळीच घरी हजर झाले, उभ्याउभ्याच म्हणाले,

"भाऊजी, मला शेवटच्या स्टेशनावर जायचं आहे."

आमच्या सौभाग्यवतीचे कणीक मळणे थांबले. "दादा, सकाळी सकाळी असं अभद्र काहून बोलतोस?"

"अगं, रेल्वेच्या! तुमसरवरून तिरोडीला फाटा जातो. तिथं रूळ संपतात. माणसानं एकदा तरी रूळ संपताना पाहावेत."

घरून परवानगी मला मिळाली ती "याच्याबरोबर कोणी तरी शहाणं माणूस पाहिजे" या कलमाखाली. हे प्रशस्तिपत्रक मी जपून ठेवले आहे.

तिरोडीला निघालेल्या माणसाची पहिली अडचण तिरोडा ही असते. तिरोडा गोंदिया जिल्ह्यात, मुंबई-हावड्याच्या मुख्य मार्गावर. तिथे औष्णिक वीजप्रकल्प आहे, त्यामुळे त्याचे नाव सर्वांच्या तोंडी. तिरोडी मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, फाट्यावर. आम्ही ज्यांना ज्यांना "तिरोडी" म्हणालो त्यांनी "तिरोडा" असे ऐकले, आणि आम्ही दुरुस्ती केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर 'यांना साधे गावाचे नाव धड घेता येत नाही' असा भाव आला. नागपूर सोडेपर्यंत साळेबुवा इतके खचले होते की एकदा तेच तिरोडा म्हणून गेले.

त्यांनी पिवळाजर्द टी-शर्ट घातला होता. कारण विचारले तर म्हणाले, "वसंत." एवढेच.

तुमसर रोडला गाडी बदलायची. तुमसर म्हणजे तांदळाची पेठ. एरवी इथे पोती आणि हमाल दिसायचे. पण आंबागडच्या डोंगरातल्या गायमुखला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते, आणि तिकडे निघालेल्या मंडळींनी फलाट भरून गेला होता. कपाळाला भस्म, मुखी महादेव आणि हातात पिशवीभर फराळ. एका आजींनी साळेबुवांच्या कपाळावर भस्माची तीन बोटे ओढली आणि पिवळ्या शर्टाकडे पाहून, "कोन्या आश्रमाचे जी तुमी?" असे विचारले. साळेबुवांनी डोळे मिटून मान हलवली. नंतर त्यांना फराळातली केळी मिळाली. मला मिळाली नाहीत, कारण माझा शर्ट निळा होता.

तिरोडीची गाडी अंगावर काही ओढवून न घेता चालते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. हा फाटा मुळात टाकला गेला तो मँगनीज वाहायला. माणसे नंतर बसू लागली. त्यामुळे मालगाडीचा मान घरच्या सुनेचा आणि आपण पाहुणे, हे मितेवानी येईपर्यंत कळून चुकते. पाहुण्याने थांबावे, खिडकीबाहेर पाहावे. पाहण्यासारखे होतेही. धानाचे बांध रिकामे पडलेले, मध्येच लाखोळीचा आणि हरभऱ्याचा हिरवा तुकडा, आणि बांधाबांधावर पळस. पान एक नाही, नुसता केशरी. गोबरवाहीच्या अलीकडे एक काटेसावरही अंगभर लाल होऊन उभी होती. साळेबुवा "वा! वा!" म्हणत होते. समोरच्या बाकावरचे एक काका त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. बाहेर काय आहे ते त्यांना जन्मापासून ठाऊक होते. डब्यात काय आहे हे मात्र नवीन होते.

"कुठं उतरता जी?"

"तिरोडी."

"कोनाकडे?"

"कोणाकडे नाही. फिरायला."

काकांनी शेजारच्याकडे पाहिले, शेजारच्याने त्याच्या शेजारच्याकडे, आणि बातमी डब्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत आली. तिरोडीला फिरायला कोणी जात नाही, एवढ्यावर एकमत झाल्यावर खरे कारण शोधण्याचे काम सुरू झाले. जमीन पाहायला आले असावेत, सर्वेवाले असावेत, खदानीचे कंत्राट असावे. शेवटी काकांनी पिवळ्या शर्टावर नजर ठेवून हलकेच विचारले, "पोरगी पाहाले आले का?"

"कोणासाठी?" साळेबुवा.

"आता ते मी कसा सांगू?"

काका मॉइल या मँगनीज कंपनीच्या खदानीतून निवृत्त झालेले निघाले. नोकरीभर पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. फाल्गुनात तुम्हाला काही वेगळे वाटते का, असे साळेबुवांनी त्यांना डॉक्टरी सुरात विचारले. "वाटते ना," काका म्हणाले. "रात पाळीले स्वेटर घालाव का नाही, हे समजत नाही. घातला तं गर्मी होते, नाही घातला तं पहाटे काकडा भरते. बाकी काही नाही."

डोंगरी बुजुर्ग गेले. पुढे कुठे तरी महाराष्ट्र संपला. खिडकीतून तो संपताना दिसला नाही. मोबाइलने मध्य प्रदेशात स्वागत केले, तेव्हा साळेबुवांनी छाती भरून श्वास घेतला. "हवा बदलली."

"हवा तेच हाय," काका म्हणाले. "लाइटचं बिल अलग येते."

तिरोडीला उतरून साळेबुवा फलाटाच्या टोकाला निघाले, हात मागे बांधून, अंत्यदर्शनाच्या चालीने. मी मागे. टोकाला जाऊन ते थांबले. रूळ थांबले नव्हते. दोन्ही पाती चकाकत पुढे निघून गेली होती.

"हे कुठं जाते?" त्यांनी तिथे बिडी ओढत बसलेल्या एकाला विचारले.

"कटंगी."

"कधीपासून?"

"झाले काही वर्सं. कटंगीवरून बालाघाटले जुडलं आता. इकून तिकडे, तिकून इकडे."

"म्हणजे हे शेवटचं स्टेशन नाही?"

त्या माणसाने बिडी विझवली. "तुमाले शेवटचंच काहून पाह्यजे? पुढं गेलं तं काही नुकसान हाय का तुमचं?"

साळेबुवा बाकावर बसले. मी चहा आणि आलूबोंडे आणले. दुसऱ्या आलूबोंड्याला त्यांचा चेहरा थोडा सावरला.

तोवर मला एक गोष्ट सुचली होती, ती मी त्यांना सांगितली, आणि इथेही सांगतो, कारण तिरोडीबद्दल सांगण्यासारखे तेच आहे. आपण बदलायचे म्हणून गाडीत बसतो; हे गाव जागचे न हलता बदलत आले आहे. १८६७ साली बालाघाट जिल्हा झाला. आधी मध्य प्रांत, मग मध्य प्रांत आणि वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, आणि १९५६पर्यंत या सगळ्यांची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर, भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तिरोडीच्या माणसाने रात्री नागपूरकडे तोंड करून झोपावे आणि सकाळी राजधानी भोपाळला गेलेली असावी. बोलणे मात्र नेले नाही कोणी. चौकात उभे राहा, मराठी, हिंदी आणि पोवारी एकाच वाक्यात भेटतात आणि कोणी कोणाला ओळखपत्र मागत नाही.

खदानीचेही तसेच. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची मंडळी या मुलखात मँगनीज हुडकू लागली. पोलादाला मँगनीज लागते, पोलाद साऱ्या जगाला लागत होते, आणि इथे ते जमिनीच्या अंगावर काळे डाग होऊन पडले होते. सिंडिकेटची पुढे कंपनी झाली. १९६२ साली सरकारी भागीदारीत मँगनीज ओर (इंडिया) लिमिटेड आली. १९७७ साली ती पूर्ण सरकारच्या हाती गेली. २०१० साली तिनेही आपले नाव आटोपशीर करून नुसते मॉइल ठेवले. मुख्यालय अजून नागपुरातच. म्हणजे तिरोडीचे सरकार भोपाळचे आणि मँगनीज नागपूरचे. साळेबुवा म्हणाले, "माझ्या सहीचं एवढं काय घेऊन बसलात मग?"

यांच्याहून सज्जन तो इथला दगड. तिरोडी नाइस हे भूगर्भशास्त्रात नाव असलेले खडक आहेत, वय सुमारे १६० कोटी वर्षे. इथल्याच खाणीत सापडलेल्या एका मँगनीजयुक्त खनिजाला डन आणि रॉय या दोघांनी १९३८ साली 'तिरोडाइट' नाव दिले. जगाच्या संग्रहालयांत तिरोडी पोचली. मग १९९७ साली त्या कुळातल्या खनिजांची नावे एका आंतरराष्ट्रीय समितीने नव्याने लावली आणि तिरोडाइट हे नाव वगळले. दगडाने एका शब्दाने तक्रार केली नाही. आमच्या हाउसिंग सोसायटीत विंगचे 'ए' चे 'बी' केले तेव्हापासून दोन कुटुंबे अजून बोलत नाहीत.

खदान पाहायची होती. फाटकावरच्या गार्डने परवानगीचा कागद मागितला. कागद नव्हता.

"नुसतं पाहायचं आहे हो."

"मंग बाहेरून पाहा. बाहेरून पाहाले परमिशन लागत नाही."

बाहेरून मातीचा आणि टाकाऊ दगडाचा डोंगर दिसतो, त्यावर आता झाडोरा चढला आहे. खाण उघडी आहे, जमिनीवरून खाली जाणारी. हाती आलेला माल कमी आणि बाहेर काढून ठेवलेली माती जास्त. रस्त्याकडेला पडलेला एक काळा खडा साळेबुवांनी उचलला. चांगलाच जड लागला. बोटे काळी झाली. तीच त्यांनी घाम पुसायला कपाळावरून, तिथून केसांतून फिरवली, आणि कानावरचे पांढरे केस अनायासे झाकले गेले. "दहा वर्षं उतरली," मी म्हणालो. ते खूश झाले. तिथून सरळ न्हाव्याच्या दुकानात शिरले आणि म्हणाले, "मिशी काढा."

न्हावी तरुण होता. त्याने मिशीकडे, भस्माकडे, पिवळ्या शर्टाकडे क्रमाने पाहिले. "कोनी गेलं का काका घरातलं?"

"नाही. बदल म्हणून."

"मंग होळी होऊ द्या. आता काढान तं रंग लागल्यावर पुन्हा याव लागते घासून घ्याले. या महिन्यात सारे येतात. खदानीतले पोरं हिरोचा फोटो घेऊन येतात, त्यांचे बाप पोराचा फोटो घेऊन येतात, असा कापू नको म्हनून सांगाले. चैतात कोनी येत नाही. घाम येते, मंग जसं हाय तसंच बरं वाटते."

एवढा शास्त्रशुद्ध निकाल आम्हाला नागपुरात कोणत्याही डॉक्टरने दिला नव्हता. मिशी राहिली. वस्तरा न चालवता त्याने पैसेही घेतले नाहीत.

परतताना गावाबाहेर एक बाई मोहाच्या झाडाखालची जमीन झाडत होत्या. पानगळ चालू होती. झाडले की पुन्हा चार पाने पडत. फुले अजून कुठे आहेत, असे साळेबुवांनी विचारले.

"होळीच्या मंग. आधी पानं जातीन, मंग कळ्या येतीन, मंग रातभर टपटप पडते. पहाटे नाही आलं तं ढोरं खाऊन जाते."

"हे दिवस बदलतात तेव्हा बरं वाटतं का हो, बाई?"

"बरं वाटाले टाइम कोनाले हाय?" त्या म्हणाल्या, आणि आम्ही ज्या पानांवर उभे होतो ती झाडता यावीत म्हणून आम्हाला बाजूला व्हायला सांगितले. पुढे या जागी चादर अंथरावी अशी स्वच्छ भुई होईल, त्यावर फुले पडतील, ती वेचून वाळवली जातील, विकली जातील. फाल्गुनात ठरवलेली एखादी गोष्ट चैत्रातही टिकून राहिल्याचे एवढेच उदाहरण आम्हाला त्या दिवसात दिसले.

परतीच्या गाडीत साळेबुवा शांत होते. तुमसर आल्यावर म्हणाले, "भाऊजी, कटंगीला काय असतं?"

वाचकांपैकी कोणाला यंदा असे काही होत असेल तर तिरोडीला जरूर जावे. पळसासाठी होळीच्या आधी, मोहफुलांसाठी होळीनंतर. खदान आतून पाहायची तर परवानगी आधी काढावी. तिकीट हातात आल्यावर 'डा' आहे की 'डी' ते वाचून घ्यावे, आणि परतीची गाडी कधी सुटते हे वेळापत्रकाला न विचारता चहावाल्याला विचारावे.