आपले मामा आहेत तिथे

तो तुमच्याही ओळखीचा आहे. रिझर्वेशन मिळत नाही, खोली मिळत नाही, गाडी बंद पडलीय, अशा वेळी बाकीचे मोबाइल काढतात आणि तो खिशात हात घालून शांतपणे म्हणतो, ‘‘थांबा, आपले मामा आहेत तिथे.’’

महाडच्या एमआयडीसीत उन्हाळी ट्रेनिंगला आलेल्या पाच जणांत हा मान कुणाचा, ते पहिल्याच संध्याकाळी ठरलं. बिरवाडीतल्या भाड्याच्या खोलीत पंखा फिरत नव्हता आणि घरमालक फोन उचलत नव्हता. ‘‘इलेक्ट्रिशियनच ना? आपले मामा आहेत नाक्यावर.’’ नाक्यावर गेल्यावर कळलं, मामांनी दुकान कधीच विकलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. शेवटी लातूरकर स्टुलावर चढला, त्याने कपॅसिटर बदलला आणि पंखा फिरला. पण मामांचा हवाला देणाऱ्या मुलाचं नाव भाचेबुवा पडलं ते पडलंच. आठवड्याभरात गेटवरचा वॉचमनसुद्धा ‘‘काय भाचेबुवा, आज मामा कुठले?’’ असं विचारून मगच रजिस्टर पुढे करू लागला.

खरं तर दोष एकट्या भाचेबुवांचा नाही. मराठीत मामा हा आईच्या भावापुरता कधी उरलाच नाही. चौकात शिट्टी वाजवतो तो मामा, शाळेत घंटा देतात ते शिपाईमामा, मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी उभा असतो तो मामा. कुणी फसला, की त्याचाही मामा झाला. खलपुरुष हवा असेल तरी शकुनी आणि कंस हे दोघे तयार आहेतच. एवढं मोठं खातं भाषेनेच उघडून ठेवलेलं. भाचेबुवा त्यातून फक्त वारंवार पैसे काढत. खात्यात शिल्लक किती, हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी सहल ठरली. बेत प्रतापगडाचा. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायचा, 10 नोव्हेंबर 1659 च्या अफझलखान भेटीची जागा डोळ्यांनी पाहायची, संध्याकाळी परत. लातूरकराच्या दाजींची जुनी गाडी. पुढच्या सीटवर पाचवा, कारण त्याला घाट लागतो. मागे भाचेबुवा, नाशिककर मुलगी आणि परभणीची मुलगी. ही परभणीची दिवसा रिअ‍ॅक्टरची रीडिंगं लिहायची आणि रात्री एमपीएससीचा इतिहास वाचायची. त्यामुळे तिच्यासमोर कुणी सन चुकवायची सोय नव्हती.

तिच्याच आग्रहाने सुरुवात चवदार तळ्यापासून झाली. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब ज्या पाण्याशी उतरले ते पाणी बघून मगच पुढे जायचं, असं तिने बजावलं होतं. पायऱ्यांवर सगळे जरा वेळ गप्प बसले. मग भाचेबुवा म्हणाले, ‘‘नाश्त्याचं बघू नका. वडापावची गाडी आहे इथे. आपले मामा.’’

गाडी होती. वडेही होते, आणि चांगले होते. पण तव्यामागचा पोरगा म्हणाला, ‘‘ते काका ना? गुडघे गेले त्यांचे. गावाला असतात.’’ भाचेबुवांनी तरीही त्याला विचारलं, ‘‘चटणी तीच आहे ना?’’ पोरगा म्हणाला, ‘‘कुठली तीच?’’

महाड सोडलं की सावित्रीचा पूल लागतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. आताचा पूल त्यानंतरचा. तेवढा पूल ओलांडेपर्यंत भाचेबुवा खिडकीबाहेर पाहत राहिले. एकाही मामाचं नाव निघालं नाही. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, नंतर आलं.

पुढे हायवेवर पोलिसाने हात केला. मागच्या तिघांनी पट्टे लावले नव्हते. भाचेबुवांनी काच खाली केली आणि आयुष्यभराचा मध जिभेवर आणून म्हणाले, ‘‘मामा...’’

‘‘कोण मामा?’’

त्या दिवसातला ठरल्या जागी सापडलेला हा पहिला मामा. त्याने मशीनवर चलान फाडलं, मेसेज थेट दाजींच्या मोबाइलवर गेला, आणि दाजींचा फोन थेट लातूरकराच्या मोबाइलवर आला.

पोलादपुरात टायर बसला. तिथल्या गॅरेजवाल्या मामांचं वर्णन भाचेबुवा महाडपासून करत होते: एका हाताने जॅक लावतात, दुसऱ्या हाताने तंबाखू मळतात. गॅरेजला कुलूप होतं. मामा खेडला लग्नाला गेले होते. शेजारच्या पोराने पंक्चर काढलं आणि पंक्चरचेच पैसे घेतले, भाच्याची सूट नाही. तेवढ्या वेळात परभणीची म्हणाली, शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी इथेच आहे, बघून येऊ. लातूरकर भाचेबुवांकडे वळून म्हणाला, ‘‘विचारून ये, त्यांचे मामा कोण ते.’’

बारा वाजले होते. ऊन असं, की डांबर चपलेला धरत होतं. प्रतापगड अजून घाटाच्या वर होता, आणि पाचव्याने आताच डोळे मिटून घेतले होते. अशा वेळी भाचेबुवांनी शेवटचा हुकमी एक्का टाकला. ‘‘उमरठला जाऊ. महाबळेश्वरचा रस्ता सोडून आत वळायचं. तानाजींची समाधी बघू, आपल्या मामांकडे जेवू, मग गड.’’

‘‘हे मामा तरी आहेत का?’’ नाशिककरने विचारलं.

‘‘हे आहेत,’’ भाचेबुवा म्हणाले. ‘‘हे’’ वर त्यांनी जो जोर दिला, त्यात आधीच्या सगळ्यांची कबुली होती.

उमरठचा रस्ता पुढे ढवळ्याला जातो. चंद्रगडाचे ट्रेकर याच वाटेने येतात. दोन्ही बाजूंना डोंगर, मेमध्ये तेही करपलेले. पावसाळ्यात या तालुक्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. वाटेत बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढ चढत होत्या. गाडीतली गाणी आपोआप बारीक झाली.

समाधीपाशी सावली होती. परभणीच्या मुलीची ही खरी परीक्षेची वेळ, आणि तिने ती सोडली नाही. 1665 च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना गेले, त्यांत कोंढाणा. 4 फेब्रुवारी 1670 ला तो परत घेताना तानाजी पडले. मुलाच्या, रायबाच्या, लग्नाचं आमंत्रण द्यायला महाराजांकडे गेलेला माणूस मोहीम घेऊन बाहेर पडला, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. आणि लग्नघर होतं ते या उमरठला. त्यांचं शव केळदजवळच्या घाटाने खाली कोकणात उतरवलं, म्हणून तो मढे घाट, असं लोक सांगतात. ‘‘आणि ही शेलारमामांची समाधी,’’ ती म्हणाली.

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग लातूरकर खाली वाकला, रीतसर नमस्कार केला आणि म्हणाला, ‘‘मामा, सापडलात एकदाचे.’’

भाचेबुवासुद्धा हसले. पण परभणीची हसली नाही. तिला अजून सांगायचं होतं. सभासद बखर 1697 च्या सुमारास जिंजीला लिहिली गेली, म्हणजे त्या लढाईनंतर फार तर पंचवीस-तीस वर्षांनी. तिच्यात तानाजी आणि उदेभान एकमेकांच्या हातून पडतात, आणि मग सूर्याजी लोकांना सावरून गड घेतो. शेलारमामा तिथे नाहीत. ऐंशीचे शेलारमामा, त्यांनी उदेभानाचा घेतलेला सूड, घोरपड, हे सगळं पोवाड्यातलं. ‘‘आणि सिंहगड हे नावसुद्धा तानाजींच्या आधीच्या पत्रांत सापडतं,’’ तिने जाता जाता तोही एक दगड काढून घेतला.

‘‘म्हणजे मामा दोन प्रकारचे,’’ नाशिककर म्हणाली. ‘‘बखरीतले आणि पोवाड्यातले.’’

सगळ्यांनी एकदम भाचेबुवांकडे पाहिलं. त्यांचे मामा कुठल्या प्रकारचे, हे आता वेगळं सांगायला नको होतं.

‘‘पण समाधी तर आहे ना?’’ भाचेबुवा म्हणाले. ‘‘गावाने एवढी वर्षं सांभाळलीय. उगीच सांभाळतील?’’ दिवसभरात त्यांनी पहिल्यांदाच कुणाची तरी बाजू घेतली होती, आणि तीही मामाचीच.

मग घर शोधणं सुरू झालं. भाचेबुवांना पत्ता माहीत नव्हता. आंब्याचं झाड, मग विहीर, मग तीन पायऱ्यांचं जोतं, एवढंच आठवत होतं. आंब्याची झाडं गावात बरीच असतात. तीन जोती चुकीची निघाली. चौथ्या घराच्या पडवीत एक म्हातारा सुपारी कातरत बसला होता. पाच घामेजलेली शहरी पोरं बघून त्याने आधी आत आवाज दिला, ‘‘पानी आन गं,’’ आणि मग विचारलं, ‘‘कुनाचा रं तू?’’

इथे नेहमीचं लांबलचक भाषण येणार, म्हणून लातूरकराने भिंतीला पाठ टेकली. पण भाचेबुवा दोनच शब्द बोलले. ‘‘नर्सबाईंचा मुलगा.’’

अडकित्ता थांबला.

पुढचा अर्धा तास म्हाताराच बोलत होता. नर्सबाई म्हणजे आरोग्यसेविका. माहेर तिकडे जत बाजूला. बदली होईल तिथे एक खोली आणि हा एक पोरगा. महाड, बिरवाडी, पोलादपूर, नंतर माणगाव. रस्ता नीट नव्हता तेव्हा ती लशीचा डबा खांद्याला लावून भर पावसात वाड्या चढायची. छत्री उलटी झाली की छत्री सोडायची, डबा नाही. राखीपौर्णिमा येते श्रावणात, साथींच्या ऐन दिवसांत. तेव्हा तिला रजा कुठली मिळणार? जत लांब. म्हणून ती नेमणुकीच्या गावीच राख्या बांधायची. ज्याने ओढ्याला आलेल्या पाण्यातून हात धरून पलीकडे नेलं त्याला, रात्री-अपरात्री मोटरसायकलवर बाळंतिणीकडे सोडलं त्याला, क्वार्टरमधला दिवा दुरुस्त करून पैसे नाही म्हणाला त्याला. म्हाताऱ्याने खुंटीवरचा सदरा काढला, खिसा चाचपला, आणि तिथे काही नाही हे आठवून तो परत टांगला. बहुधा कधीतरी तिथे राखी असावी.

‘‘बाय कशी हाय?’’

‘‘रिटायर झाली. पनवेलला असते. जिना उतरवत नाही आता.’’

‘‘डोंगर उतरायची ती,’’ म्हातारा म्हणाला आणि पुन्हा सुपारी कातरू लागला.

तर यादी खोटी नव्हती. जुनी होती. पाच ते नऊ वर्षांच्या पोराने जसे पाहिले तसे सगळे मामा अजून आपापल्या नाक्यावर उभे आहेत, असं धरून हा माणूस बारा वर्षांनी त्या रस्त्याने निघाला होता. दुकानं विकली जातात, गुडघे जातात, हे त्याला कुणी कळवलं नव्हतं. चवदार तळ्यासमोर त्याने चटणीची चौकशी का केली, ते लातूरकराला आता कळलं. आणि कळलं याचा त्याला रागच आला, कारण महिनाभर जमवलेले विनोद एका दुपारी निकालात निघाले होते.

तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि आमसुलाचं सार. प्यायचं पाणी मात्र म्हातारी स्वतः ओतून देत होती, पेला पाऊण भरून. हंडा पुढे सरकवत नव्हती. पाचव्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या. प्रतापगडाचं नाव कुणीच काढलं नाही.

निघताना म्हाताऱ्याने फणस दिला. नको म्हणायची सोय नव्हती. डिकीत स्टेपनी आणि जॅक, म्हणून फणस मागच्या सीटवर आला, दोन्ही मुलींच्या मध्ये, आणि भाचेबुवा त्याला पट्टा लावून बसले. एकदा चलान भरलं होतं. दाजींना दुसरा मेसेज नको होता. परतीच्या वाटेवर त्यांनी आईला फोन लावला. गाडीत सगळ्यांना ऐकू येत होतं. ‘‘बिरवाडीचे मामा नाहीत गं तिथे आता. दुकान विकलं. नाही, नंबर नाही मिळाला. वडापाववाले गावाला असतात. पोलादपूरचे लग्नाला गेलेत, ते आहेत. हो, उमरठचे भेटले. हो, जेवलो.’’ मग बराच वेळ पलीकडूनच कुणीतरी बोलत राहिलं.

‘‘बखरीतले निघाले,’’ नाशिककर हळूच म्हणाली.

‘‘शांत बस,’’ लातूरकर म्हणाला.

फणस कच्चा होता. खोलीच्या कोपऱ्यात तो तीन दिवस शहाण्यासारखा पडून राहिला आणि चौथ्या रात्री पिकला. बरका फणस. ज्याने तो घमघमाट झोपेत अनुभवलाय त्याला पुढचं सांगायला नको. पंखा वास गोल-गोल फिरवत होता. लातूरकर दारात उशी घेऊन बसला. सकाळी साडेसहाला जिन्यावर पावलं वाजली, आणि महिनाभर ज्याने एकही फोन उचलला नव्हता तो घरमालक आपणहून दारात उभा राहिला, हातात कोयती आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन.

‘‘तेल लावल्याशिवाय हात घालू नका, चीक जात नाही,’’ तो म्हणाला आणि मांडी घालून बसला. त्याने फणस फोडला, गरे काढले, निम्मे स्वतःच्या ताटात घेतले, आठळ्या मात्र सगळ्या घेतल्या.

दुपारी मुलींच्या मजल्यावर पाणी चढेना. परभणीची तक्रार घेऊन खाली आली. भाचेबुवा कंपनीत होते. लातूरकराने हातातला टॉवेल खांद्यावर टाकला आणि जिन्याकडे निघाला.

‘‘थांब,’’ तो म्हणाला, ‘‘वर आपले मामा आहेत.’’