वाचलेली मजुरी

अप्पा तुमच्याही सोसायटीत आहेत. नाव वेगळं असेल, पँट तीच. गुडघ्याला ग्रीसचा डाग पडलेली, 'कामाची'. जास्त ओळख करून देत नाही, कारण तुमचा बंद पडलेला मिक्सर त्यांनी एव्हाना दुरुस्तीला नेलेलाही असेल.

आमच्या अप्पांची खासियत म्हणजे त्यांची वही. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरांत मथळा : 'वाचलेली मजुरी'. खाली नोंदी. फ्लशची टाकी, मजुरी वाचली ३५० रुपये. गीझरचं एलिमेंट, ५००. दिवाणखान्यातला पंखा, २५०. हा पंखा अप्पांनी घरीच उघडून पुन्हा जोडला तेव्हापासून उलटा फिरतो. हवा छताला लागते आणि खाली पाहुणे घामाघूम होतात. त्यावर अप्पांनी 'हा हिवाळ्यासाठी ठेवू' असा तोडगा काढला. नोंदीतले २५० मात्र कायम. या वहीला फक्त जमेची बाजू आहे. साठ रुपयांचा नळ बसवायला बाराशेचा पाना आणला, तर तो खर्च नव्हे, गुंतवणूक. आणि गुंतवणुकीची वही वेगळी असते म्हणे. ती मी पाहिलेली नाही. वहिनींनीही नाही.

सोसायटीचा पंप, माझी इस्त्री, तळमजल्यावरच्या आजींचं शिलाई मशीन, सगळं या वहीत आहे. माझ्या इस्त्रीचे अप्पांच्या वहीत ८० रुपये जमा झाले आणि मी नवी इस्त्री घेतली. या दोन घटनांचा संबंध अप्पांना आजतागायत मान्य नाही.

निवृत्तीनंतर अप्पांनी जुनी महिंद्रा जीप घेतली आणि वहीचा पोतच बदलला. महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्याचे सुटे भाग अजून नाना पेठेत मिळतात. अप्पांच्या डोक्यात मात्र याचा वेगळाच अर्थ. "अरे, ही लढाईतली गाडी! सोल्जर लोक हिला रानात, दलदलीत उघडायचे. मला पार्किंगमध्ये नाही जमणार?" त्या सोल्जर लोकांबरोबर लष्कराचे मेकॅनिक असत, हे सांगण्याचं धैर्य मला झालं नाही.

आधी अप्पांनी मोठे टायर घातले. दिसायला झकास. पण चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर तोडते आणि तो बोजा इंजिनावर पडतो. ताम्हिणीच्या चढाला जीप रडकुंडीला आली. यावर उपाय एकच, मागच्या धुऱ्यावरच्या त्या गोल भोपळ्यातला, म्हणजे डिफरन्शिअलमधला क्राउन-पिनियन बदलायचा. जुन्याला ३९ आणि ८ दात होते. ३९ भागिले ८, म्हणजे शाफ्टच्या पावणेपाचाहून थोड्या जास्त फेऱ्यांना चाकाची एक फेरी. नवा सेट आणला ४३ आणि ८ चा, म्हणजे जवळजवळ ५.३८. शाफ्ट जास्त फिरणार, चाकाला जोर जास्त मिळणार. गणित चोख होतं. अप्पांचं गणित नेहमीच चोख असतं.

प्रश्न एवढाच, की बसवायचा कोणी? नाना पेठेतल्या एका बोळात एक मिस्त्री आहेत. आयुष्यभर डिफरन्शिअल सोडून दुसऱ्या कशाला हात लावला नाही. त्यांनी मजुरी सांगितली. अप्पांनी तिथेच, दुकानाच्या पायरीवर वही उघडून ती लिहून घेतली. काम व्हायच्या आधीच जमा!

"अप्पा, हे पंख्याचं काम नव्हे," मी म्हणालो.

"डिफरन्शिअलचं पेटंट कोणी घेतलं माहीत आहे? पेकर नावाच्या फ्रेंच माणसानं, १८२७च्या सुमाराला. धंद्यानं कोण होता? घड्याळजी! मोटारमेकॅनिक नव्हता!"

तेव्हा मोटारीच नव्हत्या, म्हणून नव्हता. पण अप्पांशी वाद घालायचा तर त्यांच्या हातात पाना नसताना घालावा.

खरं तर डिफरन्शिअलचं काम समजायला सोपं आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला पडतो, आतल्याला जवळचा. दोघांना आपापल्या वेगानं जाऊ द्यायचं आणि तरी दोघांनाही ओढत राहायचं. अडचण समजण्यात नाही, बसवण्यात आहे. क्राउन आणि पिनियनच्या दातांत सहा ते आठ थाऊ, म्हणजे इंचाचे सहा ते आठ हजारांश, एवढाच खेळ ठेवायचा; मिलिमीटरचा पाचवा हिस्सा ही वरची हद्द. पिनियन किती आत, किती बाहेर, हे पत्र्याच्या पातळ शिमांवर ठरतं. एक शिम बदलायची तर बेअरिंग पुन्हा उपटायचं, पुन्हा ठोकायचं, पुन्हा मोजायचं. ज्याच्याकडे प्रेस आहे, डायल गेज आहे, चिकाटी आहे आणि रोज जायला दुसरी गाडी आहे, त्यानं खुशाल घरी करावं. बाकीच्यांनी मिस्त्री गाठावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अप्पांकडे यातली चिकाटी होती. डायल गेज त्यांनी आणलं. (गुंतवणूक.)

मग पार्किंगमध्ये यज्ञ सुरू झाला. डिफरन्शिअलचं तेल काढलं आणि त्याचा गंधकाचा उग्र दर्प जिन्यानं वर चढला. दुसऱ्या मजल्यावरच्यांना वाटलं गॅस गळतोय, त्यांनी सिलिंडर बंद करून मुलांना खाली धाडलं, आणि खाली आलेली मुलं अप्पांची मदतनीस झाली. बेअरिंग गरम तेलात टाकलं की फुगतं आणि अलगद बसतं, ही कारखान्यातली खरी पद्धत. त्यासाठी वहिनींची कढई खाली आली. बेअरिंगचे बाहेरचे कप गारठवले की आकसून आपल्या जागी सहज उतरतात, हेही खरं. ते फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशवीखाली ठेवले गेले. बेअरिंगचा आवळ किती झाला हे मोजायला पिनियनला दोरी गुंडाळून ती ताणकाट्यानं ओढायची असते, म्हणून रद्दीवाल्याचा काटा मागून आणला. रद्दीवाला उकिडवा बसून सगळं बघत होता. त्याचा काटा पहिल्यांदाच खरं वजन दाखवतोय, असं कोणीतरी म्हणालं तेव्हा तो उठून गेला.

शेवटी दात कुठे टेकतात हे तपासायला तेलात कालवलेला शेंदूर लावला. वहिनी भाजी घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या पार्किंगमध्ये शेंदूर फासलेला क्राउन गावच्या वेशीवरच्या मारुतीसारखा विराजमान होता. त्यांनी चप्पल काढली. मग पुन्हा घातली.

खूण दाताच्या मधोमध उमटायला हवी. ती उमटली कडेला. अप्पांनी उघडलं, शिम बदलली, पुन्हा लावलं. आता दुसऱ्या कडेला. पुन्हा उघडलं. संध्याकाळी वहीत बघतो तर तीच मजुरी ओळीनं अनेकदा जमा.

"अप्पा, काम तर एकच आहे."

"मिस्त्रीकडे इतक्या वेळा उघडायला लावलं असतं, तर दर वेळी मजुरी पडली असती की नाही?"

म्हणजे काम जितकं चुकेल तितकी बचत वाढणार. असा हिशोब मी आजवर फक्त सरकारी पुलांच्या बाबतीत पाहिला होता.

जीप एकदाची बाहेर पडली. चाळिशीच्या वेगापर्यंत शांत. पुढे मागून बारीक सूर लागला, कुईऽऽ, आणि पाय उचलला की तोच सूर खर्जात, ऊंऽऽ. शेजारी बसून मी खिडकीबाहेर बघत राहिलो. "नवा सेट आहे, रुळेल," अप्पा म्हणाले. मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, "हा काळी चार आहे." त्या गाणं शिकल्या आहेत.

अखेर 'केवळ दुसरं मत' म्हणून आम्ही नाना पेठेत गेलो. मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, शाफ्टची फ्लँज धरून थोडी मागेपुढे हलवली. आधी त्यांनी विचारलं ते आवाजाबद्दल नव्हे.

"पुढचा सेट कोणता आहे?"

"जुनाच. तो कशाला बदलायचा?"

मिस्त्री हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. फोर-व्हील टाकल्यावर पुढच्या-मागच्या शाफ्टला एकच वेग मिळतो. मागे ५.३८, पुढे ४.८८, म्हणजे पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त पळू बघणार. चिखलात ती घसरून भांडण मिटवतील, पण पक्क्या रस्त्यावर दोन्ही शाफ्टना जोर वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचा जीव जाईल. अप्पा वही काढायला गेले आणि थांबले. लिहायला काही नव्हतं.

मग मिस्त्रींनी झाकण उघडलं. बराच वेळ आत बघून त्यांनी विचारलं, "बेअरिंग कोणी बसवलं?"

"मी."

"घण नाही मारला?"

"तेलात गरम केलं. कढईत."

"आमची पोरं घण मारतात," मिस्त्री म्हणाले. "सांगून सांगून थकलो."

अप्पा चौतीस वर्षं लेखापरीक्षण खात्यात होते. दुसऱ्यांनी बांधलेले रस्ते, दुसऱ्यांनी बसवलेले पंप, दुसऱ्यांनी दुरुस्त केलेल्या गाड्या यांची बिलं तपासायची आणि लाल शाईत शेरा मारायचा, एवढं काम. त्या गाड्यांचं बॉनेट त्यांनी कधी उघडलं नव्हतं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण 'बेअरिंग कोणी बसवलं' या प्रश्नाला त्यांनी 'मी' म्हटलं तसा आवाज पूर्वी ऐकला नव्हता.

मिस्त्रींचा हात म्हणाला, खेळ सात थाऊ. अप्पांनी पिशवीतून डायल गेज काढून लावलं, ते म्हणालं अकरा. मिस्त्रींनी पुन्हा हलवून पाहिलं. पुन्हा अकरा. "वय झालं साहेब," ते म्हणाले आणि गेजचा काटा बराच वेळ निरखत बसले. शिम बदलून, पुन्हा शेंदूर लावून, खूण मधोमध यायला संध्याकाळ झाली. अप्पा पाने देत होते, पुसून.

चहाला मिस्त्री म्हणाले, शिकायला पोरं येतात, पण उघडायला कोणाला नको असतं, बदलायलाच हवं असतं. मला माझ्या नव्या गाडीची आठवण झाली. मागे तिच्या मागच्या चाकापाशी आवाज येत होता तेव्हा चकचकीत वर्कशॉपमधल्या टाय लावलेल्या मुलानं गाडीकडे न बघता, टॅबलेटकडे बघून सांगितलं, 'सर, असेंब्लीच चेंज करावी लागेल.' नेमकं काय बिघडलंय हे विचारल्यावर तो गोंधळला. असला प्रश्न त्याला बहुधा कोणी विचारतच नव्हतं. बिलात मजुरीचा आकडा घसघशीत होता, आणि मी तो मुकाट्यानं भरला. हसायचं मात्र अप्पांना.

परवा सकाळी अप्पांकडे गेलो तर घरी फक्त वहिनी. मिस्त्रींचा फोन आला होता, कोणाची तरी जीप आली आहे, पोरगा गावाला गेलाय, गेज घेऊन येता का. जेवण झाकून ठेवून अप्पा गेले.

"मिस्त्री मजुरी देतात की नाही?" मी विचारलं.

"कसली मजुरी! हेच सगळ्यांसाठी वडापाव नेतात." स्वयंपाकघरातून टप टप आवाज येत होता. "आठवडाभर नळ गळतोय. ह्यांना वेळ नाही. शेवटी मी आज प्लंबर बोलावलाय."