नकाशेनवीस

सोनारीचा काळभैरवनाथ हे महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचे कुलदैवत असल्यामुळे, परंडा तालुक्यातील या आडबाजूच्या गावी दूरदूरच्या शहरांतून मोटारी येत असतात, आणि चैत्रातील यात्रेच्या सुमारास तर त्यांची रीघ लागते. त्यांतील निदान एका मोटारीत, चिरंजीव चालवीत असताना त्यांच्या डाव्या हातास, मांडीवर लॅपटॉप आणि मुठीत मोबाईल घेऊन नकाशेनवीस विराजमान झालेला आढळतो. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, एखाद्या खात्यातून सन्मानपूर्वक सेवानिवृत्त, आणि हाताखाली कारकून उरले नसल्यामुळे आता उपग्रहांकडून काम करून घेण्याची सवय जडलेली.

प्रवासाची तजवीज तो पंधरवडाभर आधी सुरू करतो. गुगल मॅप्सवर ‘सोनारी’ हे नाव शोधू जाता आसामातील सोनारी, जमशेदपुरातील विमानतळाची सोनारी, सांचीजवळची स्तूपांची सोनारी आणि उरणातील बंदराशेजारची सोनारी अशा तिच्या अनेक नामभगिनी प्रकट होतात. सामान्य मनुष्य त्यांस बाजूला सारून पुढे जातो, परंतु नकाशेनवीस प्रत्येकीची रीतसर चौकशी करून, तिचा दावा फेटाळून, मगच आपल्या भैरवनाथाच्या सोनारीवर शिक्कामोर्तब करतो. त्यानंतर भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, कुर्डुवाडी, परंडा असा एक मार्ग आणि करमाळ्याकडून येणारा दुसरा, यांचे तुलनात्मक तक्ते तयार होतात. चहा, इंधन आणि देहधर्म यांच्या वेळा मुक्रर होतात. आणि मार्गपत्रकाची एक प्रत प्लास्टिकच्या आवरणात बंदिस्त होऊन दप्तरी दाखल होते.

मोटार सुरू झाली की त्याचे व्याख्यानही सुरू होते. १८०२ साली मद्रासेजवळ आरंभिलेल्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आणि १८२३ साली हिंगणघाट येथे देह ठेवणाऱ्या कर्नल लँब्टनची कथा तो अशा भक्तिभावाने सांगतो की, ऐकणाऱ्यास आपण लँब्टनच्याच दर्शनास निघालो आहोत असे वाटावे. मग स्वारी आकाशात शिरते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह वेळेचे संकेत धाडतात, ते पोहोचण्यास लागलेल्या अवधीवरून अंतर निघते, आणि यंत्रातील घड्याळाची चूकही वजा करावयाची असल्याने, आपण कोठे आहोत हे ठरविण्यास किमान ४ उपग्रहांची साक्ष लागते, असे त्याने सांगितले की मागच्या आसनावरून सौभाग्यवती म्हणतात, “अहो, ते त्या पानटपरीवाल्याला एकट्यालाच ठाऊक असेल. विचारा ना!”

हे मात्र तो कदापि करीत नाही. फाट्यावर यंत्राची वाणी अडखळो, ‘उजवीकडे वळा’ म्हणणाऱ्या बाईंच्या आज्ञेप्रमाणे उजवीकडे उसाचा फड लागो, नकाशेनवीस काच खाली घेत नाही. लोक याला यंत्रावरील अंधश्रद्धा म्हणतात. माझ्या मते कारण निराळे, आणि थोडे करुणही आहे. या मुलखात रस्ता विचारला की उत्तराआधी प्रतिप्रश्न येतो: कोण गावचे, आडनाव काय, कोणाच्या घरातले? पूर्वजांनी पिढ्यांपूर्वी गाव सोडले. कोणत्या वाड्यातून, कोणत्या दुष्काळात, याचा पत्ता घरातील कोणत्याही कागदात नाही. आपल्याच कुलदैवताच्या वेशीवर आपण परके आहोत, ही कबुली देण्यापेक्षा त्याला उसात शिरणे पत्करते. नकाशा आडनाव विचारीत नाही.

त्याच्या मातोश्रींचे भूगोलशास्त्र याहून सुटसुटीत आहे. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या डब्यातून त्या लहानपणी आल्या होत्या; परंडा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून त्यांच्या लेखी बार्शीपर्यंत आपला मुलूख आणि त्यापुढे मोगलाई. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव जाऊन २०२३ साली धाराशिव झाले, यंत्रानेही ते मान्य केले. आईंनी मोगलाई सोडलेली नाही. “अरे, नदी लागली का? सीना ओलांडली असशील तर आलंच,” एवढेच त्या विचारतात, आणि तो पडद्याकडे पाहून सांगतो, “आई, अजून २३ मिनिटं.”

सोनारीत पोहोचल्यावर दर्शनाआधी वेळेची नोंद होते. अंदाजाहून ६ मिनिटे आधी आल्यास मुद्रेवर जे तेज पसरते, ते पुढे गाभाऱ्यात भैरवनाथ-जोगेश्वरीसमोरही दिसत नाही. तथापि येथील माकडांची जमाबंदी कोणत्याही उपग्रहाने केलेली नाही. देवळाभोवतीच्या त्या असंख्य रहिवाशांपैकी एकाने परवा अशाच एका गृहस्थाच्या काखेतील मार्गपत्रक हिसकावले, छपरावर बसून ते उलटसुलट न्याहाळले, टेंभुर्णीच्या आसपास चावून पाहिले, आणि अभक्ष्य ठरवून खाली टाकले. गृहस्थांनी ते पुसून पुन्हा दप्तरी दाखल केले.

परतीच्या वाटेवर परंड्यात चहाला थांबले असता, शेजारच्या बाकावरील ट्रकचालकास त्यांनी आपण होऊन कुर्डुवाडीचा जवळचा रस्ता समजावून दिला. चालकाने आदराने सर्व ऐकले, “बरं साहेब,” म्हणाला, आणि ट्रक सुरू करून नेहमीच्याच रस्त्याने निघून गेला. नकाशेनवीसाने त्याच्याकडे खेदाने पाहिले आणि चिरंजीवांस सांगितले, “चुकला बघ तो.”