नाक आणि ना हरकत

दुसऱ्याच्या कामात नाक खुपसण्याला मराठीत शब्दांची ददात नाही. फक्त ते हुद्द्याप्रमाणे वाटलेले आहेत. पोराने केली तर लुडबुड, शेजारणीचा तो भोचकपणा, सासूची ढवळाढवळ. मंत्र्याने केला की हस्तक्षेप, आणि तो तर आपण निवेदन देऊन मागून घेतो. ‘साहेबांनी या प्रकरणी त्वरित लुडबुड करावी’ असं निवेदन अजून कुणी दिल्याचं ऐकिवात नाही.

नवी मुंबईत मात्र हे सगळे हुद्दे एकाच माणसाकडे असतात. सोसायटीचे सेक्रेटरी. ऐरोली-महापेला आयटीत काम करणारा पोरगा घणसोलीत भाड्याने फ्लॅट बघतो. घरमालकाला पसंत, डिपॉझिट ठरलेलं, टोकनही दिलेलं. मग सोसायटीच्या ऑफिसात मुलाखत. लग्न झालंय का? का नाही झालं अजून? मित्र किती येतात? मैत्रिणी? घरात नॉनव्हेज शिजणार का? पगारापर्यंत गाडी आली की पोराला वाटतं, यांची एखादी भाची उजवायची राहिली असावी. शेवटी ‘राग मानू नका हं, सहज विचारलं’.

आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागतच नाही, कळवलं की पुरे. बिगरभोगवटा शुल्कसुद्धा सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपलीकडे घेता येत नाही. पण सेक्रेटरींच्या टेबलावर काचेखाली उपविधी नसतात. तिथे बालाजीचा फोटो आणि प्लंबरचा नंबर असतो.

हे कुणी बोलून दाखवलंच, तर उत्तर तयार: ‘आमची सोसायटी, आमचे नियम.’

आमची? 1970 मध्ये सिडको आली, ठाणे-रायगडमधल्या 95 गावांच्या जमिनी संपादनात गेल्या आणि त्यांवरचे भूखंड सोसायट्यांना मिळाले ते 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने. (ज्यांच्या भातखाचरांवर ही मुलाखत चालते, त्यांना तेव्हा कुणी ‘सहज’सुद्धा विचारलं नव्हतं.) वर्षानुवर्षं इथे स्वतःचा फ्लॅट विकायचा म्हणजे सिडकोकडे हस्तांतरण शुल्क भरा, खेटे घाला, ना हरकत दाखला मिळवा. म्हणजे ऑफिसात टेबलाच्या अलीकडे 11 महिन्यांचा भाडेकरू, पलीकडे 60 वर्षांचा.

सिडको निदान लग्नाचं विचारत नाही.