चमक पडलीच पाहिजे

लगीनसराईत अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या यजमानाला मुहूर्तापेक्षा अवघड प्रश्न छपाईच्या दुकानात पडतो: ग्लॉस की मॅट? व्याह्यांनी पत्रिकेला ‘स्पॉट यूव्ही’ केलंय म्हटल्यावर आपण साधं व्हार्निश मारून कसं चालेल? नाक कापलं जाईल.

यूव्ही म्हणजे कागदावर द्रवाचा थर देऊन तो अतिनील दिव्याखालून न्यायचा. क्षणात कडक, काचेसारखा. लॅमिनेशन म्हणजे सरळ प्लास्टिकची फिल्म. दिसतं दोन्ही झकास. पंचाईत घरी आल्यावर होते. पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवून कोपऱ्याला ओलं कुंकू लावलं, की ते जागेवर न ठरता निघतं आणि वधूपित्याच्या नावावर पसरतं. गुळगुळीत पाकिटावर ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहायला जावं, तर बॉलपेन घसरतं. अक्षर उमटलंच तर काकांच्या अंगठ्याने पुसलं जातं. मग मार्कर आणायला धाकट्याला पिटाळा. लग्नानंतर रद्दीचंही अवघडच: फिल्म कागदाला अशी बिलगलेली असते, की पुनर्वापराच्या लगद्यात तिचा अडथळाच.

इथल्याच शिवमंदिरातला शके ९८२चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख कोणी लॅमिनेट केला नव्हता, हे आपलं जाता जाता.

ग्लॉसचा खरा उपयोग ओळखला तो भावी नगरसेवकांनी. कार्यअहवाल जाड आर्ट पेपरवर, त्यातल्या नव्या रस्त्याच्या फोटोवर नेमकं स्पॉट यूव्ही. ट्यूबलाइटखाली धरला की उजेड असा परावर्तित होतो, की खड्डा आहे की नाही ते कळतच नाही.