ए की ई?

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 वर चढला की लोक डोक्याला दुपट्टा गुंडाळून सावली शोधतात. आमचे सर त्याच दुपट्ट्यातून डोळे तेवढे उघडे ठेवून पाट्या शोधतात. शाळेतून निवृत्त झाले, पण खिशातला लाल पेन अजून सेवेत आहे. लग्नपत्रिका हाती आली की आधी स्पेलिंग तपासतात, मग मुहूर्त.

परवा बर्डीवर एका वह्या-पेनांच्या दुकानापुढे ते थबकले. पाटीवर ‘स्टेशनरी’च्या स्पेलिंगात ‘आर’च्या आधी ‘ई’ हवा, तिथे ‘ए’ बसलेला.

“अहो, ‘ए’ म्हणजे एके जागी थांबलेलं! ‘ई’ म्हणजे एन्व्हलप, कागद-शाई! सोपं आहे.”

“पण सर, एन्व्हलप तर ‘ए’नंच सुरू होते ना जी?”

सर तापले, म्हणजे खुलले. मध्ययुगात युरोपात पुस्तकं विकणारे बहुतेक फिरस्ते. विद्यापीठाजवळ एके जागी ठाण मांडून बसणाऱ्याला लॅटिनमध्ये ‘स्टेशनारियस’ म्हणत. त्याचा इंग्रजीत ‘स्टेशनर’ झाला आणि त्याच्याकडचा माल ती ‘ई’वाली स्टेशनरी. लंडनमध्ये 1403 साली या लोकांचा संघ निघाला, 1557 साली त्याला राजसनद मिळाली. “समजलं? दोन्ही शब्द एकाच घरचे, पण चूल वेगळी!”

दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं. “मंग आमची पाटी बरोबरच हाय ना जी. तीस वर्षं झाले, दुकान जागचं हाललं नाई.”

सरांना उभ्या नोकरीत असं उत्तर कुठल्या वर्गानं दिलं नव्हतं.

तरी म्हाताऱ्या माणसाचा मान म्हणून दुकानदारानं पाटी नव्यानं रंगवली. थेट मराठीत. ना ‘ए’, ना ‘ई’. एके जागी थांबलेली असो की कागदाची असो, मराठीत स्टेशनरी एकच. झगडाच मिटला. सरांचं मात्र तोंड उतरलं. दोन दिवस ते बर्डीकडे फिरकले नाहीत. घरी चहाही अर्धाच टाकला म्हणे.

तिसऱ्या दिवशी पाहतो तर पाटीखाली सर उभे. चेहऱ्यावर तेज, हातातल्या पेनाचं टोपण निघालेलं.

“‘रि’ पहिली काढलीय लेकाच्यानं! दुसरी पाहिजे, दुसरी!”

दुकानदारानं आतूनच पोऱ्याला हाक मारली, “दोन चहा सांग बे. सर बरे झाले.”